पुस्तक कुटून केलेलं विमान

आमच्या शेवंताआत्तीनं एकदा शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक भिजवून, कुटून त्याचं विमान केलं होतं.

आत्ती आज सकाळी गेली. वय नव्वदीच्या आसपास. नक्की कुणालाच माहीत नाही, तिलाही नव्हतं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, धाकटी बहीण. औंधकडे दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली, ही परत आली आणि विट्याजवळच्या आमच्या घरी राहिली ती कायमची.

घरात तिला कुणी वाईट वागवलं नाही. पण दूध उतू गेलं तरी सगळ्यांची नजर आधी तिच्याकडे जायची. मला तेव्हाही याचा राग यायचा.

तिच्या हातात एक कला होती.
रद्दी तीन दिवस भिजवायची, उखळात कुटायची, कीड लागू नये म्हणून मेथी वाटून घालायची आणि तो लगदा पालथ्या टोपलीवर थापायचा. वाळला की नवी टोपली तयार. अख्ख्या आळीच्या डाळी-मिरच्या तिच्या टोपल्यांत.

साल पंचाहत्तरच्या आसपास. मी आठवीत.

मला आठवीला पाठवायला आबा तयारच नव्हते. गुरुजी घरी येऊन बोलले तेव्हा कुठे हो म्हणाले, तेही अट घालून.
"शाळंतनं एक जरी तक्रार आली, तर दप्तर माळ्यावर."

गुरुजींनी मला लायब्ररीतली एक जुनी विलायती कादंबरी वाचायला दिली, मराठीत केलेली. गोष्ट व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. कव्हर कधीच गेलेलं, शिवण सुटलेली.
म्हणाले, "एकच प्रत आहे. जप."

त्यात एक उडणारं जहाज होतं. डोलकाठ्या होत्या, पण शिडं नाहीत. प्रत्येक डोलकाठीवर गरगरणारा पंखा.

दुपारी आत्ती लगदा कुटायची आणि मी मोठ्यानं वाचायचे. जहाजाचं अंग दाबून कडक केलेल्या कागदाचं आहे असं आलं, तेव्हा मी हसले. म्हटलं, काय पण थापा मारतात.

आत्तीनं मुसळ थांबवलं.
"थापा न्हाईत गं. माझ्या टोपलीवर बैलानं पाय दिला तरी मोडली न्हाई. ज्यानं लिवलंय त्याला लगद्यातलं कळतंय."

घरात तिचं म्हणणं कुणी कधी खरं धरलं नव्हतं. इथे एका छापील पुस्तकानं धरलं. एवढी खूश झालेली मी तिला आधी पाहिली नव्हती.

मग तिनं ते जहाज करायचंच ठरवलं. मला न सांगता. त्या आठवड्यात परीक्षेमुळे आमचं वाचन बंद होतं.
एक लांबट दुरडी पालथी घातली, लगदा थापायला घेतला आणि तो कमी पडला. कोपऱ्यात रद्दीला लागूनच सुट्या पानांचा, बिनकव्हराचा एक गठ्ठा होता.

आत्तीला वाचता येत नव्हतं.

मला कळलं तेव्हा जहाज अंगणात वाळत होतं. ज्वारीच्या ताटांच्या डोलकाठ्या, वर शिंदीच्या पानांच्या भिंगऱ्या. कडेला एक छापील तुकडा चिकटलेला. त्यावर 'सुकाणू' एवढंच वाचता येत होतं.

मी भोकाड पसरलं. "गुरुजी घरी येतील! आबा माझी शाळा बंद करतील!"

आत्ती ताडकन उठली. मग पदर खोचला, जहाज डोक्यावर घेतलं आणि सरळ शाळेची वाट धरली. मी रडत मागे.

गुरुजी तापट. त्यांच्यापुढे आमची बोबडी वळायची. आत्तीनं जहाज त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"गुरुजी, ह्ये तुमचं पुस्तक."

गुरुजींना काही कळेना.

"म्या भिजवलं. रद्दी वाटली. पोरीचा काय बी दोष न्हाई. मला काय बोलायचं ते बोला, पर आमच्या दादाच्या कानावर घालू नका. तिची शाळा जाईल."

गुरुजींनी जहाज जवळ ओढलं. बोटानं टकटक करून बघितलं.

"गोष्ट ऐकलीय का तुम्ही यातली?"
"ऐकली की."
"सांगा बघू."

आत्ती सांगायला लागली आणि गुरुजींनी वही काढली.

सात-आठ रविवार लागले. घरी गुरुजींनीच निरोप धाडला की शाळेला टोपल्या हव्यात, बहिणीला पाठवा. शाळेच्या ओट्यावर आत्ती सांगायची, गुरुजी लिहायचे, एक शब्द न बदलता. त्यामुळे आमच्या लायब्ररीतल्या वहीत विलायती कप्तान ओरडतो, "आरं गड्या, दोर सोड की!" आणि वादळ आलं की सगळे गोरे खलाशी औंधच्या यमाईला हाक मारतात.

शेवटाजवळ येऊन आत्ती थांबली.
"पुढं?"
"पुढचं ठावं न्हाई. पोरीनं वाचायच्या आदीच भिजलं."

गुरुजींना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुस्तकात शेवटी जहाज फुटतं, हे त्यांनी तिला सांगितलं. तिला अजिबात पटलं नाही.
"फुटंल कसं? लगदा हाय त्यो!"
वहीत तिच्याच मनासारखा शेवट आहे.

तक्रार घरी गेली नाही. मी मॅट्रिक झाले, जिल्ह्याच्या गावी विश्रामबागेत राहून कॉलेज केलं, पुढे आयुष्यभर पोरांना शिकवलं. आबांना यातलं काही शेवटपर्यंत कळलं नाही. हे सगळं आत्तीमुळे, आणि हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही याचं आज फार वाईट वाटतंय.

वही पुरी झाली त्या रविवारी गुरुजींनी लायब्ररीचं रजिस्टर उघडलं. लेखकाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"पूर्ण नाव सांगा शेवंताबाई. नवऱ्याचं लावू का वडलांचं?"

हे तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मतदारयादीतसुद्धा त्या टाकून देणाऱ्या नवऱ्याचंच नाव तिला चिकटलेलं होतं. आत्तीनं पदर हातात घेतला. मला वाटलं, आता रडते.

"त्यातलं कुणी हुतं का हितं, गोष्ट सांगायला?" ती म्हणाली. "नुस्तं शेवंता लिवा."

गुरुजींनी तसंच लिहिलं.

आत्ती, सुखानं जा. तुझ्या भाचीचा तुला नमस्कार.