भादव्यातला पाडवा

आमच्या धंद्यात सण आधी येतो आणि तिथी मागाहून. गुढ्या आम्ही माघाच्या थंडीत उभारतो, गणपती आषाढात बसवतो आणि दिवाळी करतो ती भर पितृपक्षात. मी टीव्हीच्या ‘स्पेशल’ कार्यक्रमांचं लिहिते. संक्रांत विशेष, मंगळागौर विशेष, दोन तासांचा महाएपिसोड, सगळ्या मालिकांतल्या सुना एकाच अंगणात येऊन फुगड्या घालतात तो महासंगम. सूत्रसंचालिका हसत हसत जे बोलते, ते आधी माझ्या लॅपटॉपमधून गेलेलं असतं. बावधनच्या फ्लॅटमध्ये बसून मी वर्षाचे सगळे सण लिहिते आणि घरी एकही धड करत नाही.

या कार्यक्रमांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. सोसायटीतल्या बायका विचारतात, “ते स्पेशल बघतं तरी कोण?” मी म्हणते, माझी आई. रोजची मालिका ही भाजी-भाकरी. ती चालू असताना आई लसूणही सोलते आणि शेजारणीशी गप्पाही मारते. स्पेशल असला की मात्र स्वयंपाक लवकर उरकून ती पदर सावरून समोर बसायची. टीव्हीच्या खाली जाहिरातीची पट्टी फिरायला लागली की मला फोन यायचा, “आयतवारी संध्याकाळी फोन करू नगंस, मी उचलनार न्हाई.” वर्षभर एकमेकींच्या दुधात काहीतरी कालवणाऱ्या बायका त्या दिवशी नटूनथटून एकत्र येतात आणि कुणी कुणाचं वाईट करत नाही, हे तिला फार आवडायचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारी बसून म्हणायचे, “ह्यांच्यात भावकी न्हाई का गं कुनाला?” म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत.

आमचं गाव उरवड्याजवळ. आण्णा पिरंगुटच्या एका कंपनीतून रिटायर झाले आणि घरामागच्या तुकड्यात त्यांनी भाड्याच्या खोल्या काढल्या. खोल्यांत कंपन्यांमध्ये काम करणारी बाहेरगावची कुटुंबं राहतात. शेती थोडी, भाडं थोडं, संध्याकाळी टीव्ही, असं त्या दोघांचं बरं चाललं होतं. त्यात मी माझा पाडवा घेऊन गेले.

कल्पना माझीच होती. मालिकेतली लाडकी सून खऱ्याखुऱ्या नवरा-बायकोच्या घरी जाते, आणि बायको नवऱ्याला दिवाळीच्या पाडव्याचं ओवाळते. डायरेक्टर खूश झाला. शूटिंग पितृपक्षात ठेवलं, कारण एकदा नवरात्र सुरू झालं की नटनट्यांच्या तारखा मिळत नाहीत. मुळशीतलं एक जोडपं नक्की केलं होतं. ऐन वेळी त्यांच्या लक्षात आलं की त्या तारखेला पितर आहेत, आणि त्यांनी हात जोडले. दुसरं कुणी तयार होईना. डायरेक्टरचा फोन आला, “मॅडम, तुमचे आई-वडील तिकडेच असतात ना?” त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले.

आई ऐकेना. “पितरपाठात नवं कापाड घेत न्हाईत आपन, आन् पाडवा करू?”

“अगं, खरं थोडंच आहे ते? शूटिंग आहे.”

“दिवा खरा लावायचा का खोटा?”

“दिवा तर खराच लागेल,” मी म्हटलं.

“मग?” आई म्हणाली.

आण्णांनीच मधे तोंड घातलं. रोज सात वाजता जिला बघतो ती पोरगी आपल्या ओट्यावर येणार, याचं त्यांना कोण अप्रूप! “आगं, लेकीची अडचन हाय. आन् पितरं आपलीच हायत. त्यांनी कवा टीव्ही बघितला? बघू दे त्यांनाबी.” आई हसली. हसली म्हणजे कबूल झाली, हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं.

आजोबांचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, आदल्या दिवशीच घातला होता. युनिटच्या माणसांनी त्यातले उरलेले वडे दिवाळीचा फराळ समजून खाल्ले. दारात झेंडूचं तोरण, वर आकाशकंदील, ओट्यावर रांगोळी. बाहेर भादव्यातलं ऊन रणरणत होतं आणि आम्हाला हवी होती संध्याकाळ. म्हणून सगळ्या खिडक्यांना आणि दाराला काळं कापड लावलं. आत मोठे दिवे. पंखे बंद, कारण निरांजनं विझतात आणि माईकमध्ये घरघर येते. आण्णांना युनिटच्या कपडेपटातला जाड, जरीच्या गळ्याचा झब्बा दिला. त्यांनी तो घालून आरशात बघितलं आणि मला म्हणाले, “ह्यात मी नवरदेव दिसतुया का नवरदेवाचं घोडं?”

चित्र चांगलं दिसावं म्हणून आण्णांना पाटावर न बसवता उभंच ठेवलं आणि ओवाळायला सुरुवात झाली. पहिल्यांदा आईचा पदर सरकला. दुसऱ्यांदा सुनेला हसू आलं. मग समोरून घेतलं, मग बाजूने, मग नुसत्या ताटाचं. डायरेक्टर दर वेळी म्हणायचा, “सुंदर! फक्त अजून एकदा.” मी पडद्यामागे मॉनिटरसमोर बसले होते. चित्र फार छान दिसत होतं. आण्णांचं कपाळ तेवढं चमकत होतं, म्हणून मी मेकअपवाल्याला म्हटलं, “जरा टचअप करून ये, दिवा मारतोय.” त्याने जाऊन कपाळ टिपलं, पावडर लावली. पुढचा टेक ओके झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काळं कापड काढलं तेव्हा बाहेर अजून ऊन होतं आणि कुंपणाशी निम्मं गाव सुनेला बघायला जमलं होतं. माझ्या चुलतीने तिच्याबरोबर फोटो काढून घेतला.

नवरात्र उठायच्या आत आण्णा गेले. सकाळी खोल्यांच्या नळाचं बघायला म्हणून गेले आणि तिथेच बसले. पौडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

दहाव्याला, नदीवर, त्याच चुलतीने मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला सांगितलं, “पितरपाठात पाडवा करत्यात व्हय कुनी? मुद्दाम पितरांना सांगावा धाडायचा.” मी शिकलेली. असल्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, आणि त्या दिवशीही नव्हता. तरी ते वाक्य कुसळासारखं आत गेलं ते गेलंच. मी आईकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. ती काही बोलली नाही, चुलतीलाही नाही आणि मलाही नाही. तिने चुलतीला गप केलं असतं तर मी सुटले असते. मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

मी डायरेक्टरला फोन करून म्हटलं, तेवढा भाग काढता येईल का? तो बिचारा हळहळला. म्हणाला, एडिट होऊन गेलंय, प्रोमोमध्येही तेच आहे, तरी बघतो. त्याने बघितलं की नाही कोण जाणे. मी पुन्हा फोन केला नाही.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. पाडव्याला मी गावी होते. आम्ही टीव्ही लावला नाही, पण स्पेशल दोन तासांचा आणि भिंती एका विटेच्या. मागच्या खोल्यांतून मी लिहिलेलं एकेक वाक्य आमच्या स्वयंपाकघरात येत होतं. “पाडवा म्हणजे सोबतीचा सण,” सूत्रसंचालिका म्हणाली. मी ताटातली भाकरी नुसती मोडत राहिले. एवढ्यात भाडेकरूंची लहान मुलगी, आण्णांना ‘बाबा’ म्हणणारी, धावत आली, आनंदाने नुसती उड्या मारत. “दादी, दादी, बाबा टीव्ही पे आये हैं! चलो ना!” तिची आई मागोमाग आली आणि तिला ओढत घेऊन गेली. आई उठली नाही. तिने पोरीसाठी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

स्पेशल एकदाच लागायचा म्हणून त्याला स्पेशल म्हणायचे. आता तसं राहिलं नाही. त्यातले तुकडे मोबाईलवर येतात आणि कायमचे तिथेच राहतात. आमचा तुकडाही आहे. आई ओवाळते, आण्णा हसतात, सून डोळे पुसते. मी तो किती वेळा बघितला ते सांगत नाही. त्यात एक जागा आहे. ताट खाली येताना आण्णा आईकडे किंचित वाकून काहीतरी बोलतात. ओठ हलतात, आई उत्तर देते, पण वर सनईचं संगीत चढवलेलं, त्यामुळे शब्द ऐकू येत नाहीत. खाली लोकांनी लिहिलंय, ‘आजोबा काय बोलले असतील?’, ‘या वयातही किती प्रेम!’ मलाही वाटायचं, घोड्याबिड्याचा काहीतरी विनोद केला असणार. आईला विचारायचं फार मनात होतं. पण ते विचारलं की दुसराही प्रश्न विचारावा लागला असता: आई, तुला वाटतं का गं, माझ्यामुळे झालं म्हणून? तो माझ्याच्याने निघत नव्हता. म्हणून पहिलाही राहिला.

दर पाडव्याला मला कुणी ना कुणी तो तुकडा पाठवतं. मी हात जोडल्याचं चित्र पाठवते. आणि दर पितृपक्षात कुठल्या तरी अंगणात आकाशकंदील लावून घेते, कारण माझं पोट त्यावर आहे. हे सांगताना मला लाज वाटते, पण काम मी सोडलेलं नाही.

यंदा आण्णांच्या म्हाळाला गेले होते. कावळ्याचं पान ठेवून झालं, भावकी जेवून गेली. आई ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. पदराला हात पुसत म्हणाली, “ती दिवाळी दाव की मला.”

“कुठली?”

“ह्यांची. मोबाईलवर आसती म्हनं. मागच्या पोरीनं सांगितलं.”

नाही कसं म्हणणार? मी लावून मोबाईल तिच्या हातात दिला. तिने तो ताटासारखा दोन्ही हातांत धरला. सून आली, तोरण दिसलं, आई स्वतःलाच बघून म्हणाली, “लई बारीक व्हते की गं मी.” मग आण्णा आले. ओठ हलायची जागा आली आणि तिने बोट लावलं, चित्र थांबलं.

“हितं काय म्हनले ठावं हाय?”

“काय?”

“‘आगं, लई गदमदतंय. हात जड झालाय. बसू का जरा?’”

रस्त्याने कुणाची तरी दुचाकी गेली. आई मोबाईलकडेच बघत होती.

“मी म्हनलं, ‘गप ऱ्हावा. लेकीची मानसं हायत समदी. येवढं एक व्हऊ द्या.’ आन् ऱ्हायले की हुबे. माझं ऐकायचे न्हाईत कवा, त्या दिशी ऐकलं.”

“आई, मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? तुला कामावर लाज नको म्हनून मी त्यांना गप क्येलं, हे सांगू? तुला आजून लागलं आसतं.” तिने मोबाईल मांडीवर ठेवला. “मानसं पितरपाठाचं म्हनत्यात. म्हनू द्यात. पितरांनी काय क्येलं? मी क्येलं.”

तिला मी दोषी वाटते का, एवढ्याच काळजीत मी इतकी वर्षं काढली होती. माझ्या शेजारी बसून ती स्वतःलाच दोषी धरत होती, आणि तेही माझी अब्रू सांभाळायला केलेल्या एका गोष्टीसाठी. मी तिचा हात धरला. म्हणाले, तुझं काही चुकलं नाही, तेव्हा कुणाला कळणार होतं. म्हणायचं तेच सगळं म्हणाले.

तिने मान हलवली. “तुला कळलं व्हतं,” ती म्हणाली. “तू आत बसून बघत व्हतीस. त्यांचा घाम तुला दिसला. तू मानूस धाडलास पुसायला. मी बायकू आसून हातभर अंतरावर हुबी, मला दिसला न्हाई. ह्येच्यावर मी लई यळा इचार करती. म्हनते, लेकीचं तरी ध्यान व्हतं बापाकडं.”

सांगायला हवं होतं. कपाळ चमकत होतं म्हणून धाडला, आई. चित्र बिघडत होतं म्हणून. शब्द तोंडाशी आले होते. पण तिच्याजवळ त्या दिवसातलं चांगलं असं तेवढंच उरलं होतं, आणि ते काढून घ्यायचं माझ्याच्याने होईना. की मला ते स्वतःलाच हवं होतं, देव जाणे.

आईने मोबाईल माझ्यापुढे धरला. “परत लाव,” ती म्हणाली.

मी परत लावला.