साडीच्या तक्त्यातली स्वतःची ओळ

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

बसवनगुडीत आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. चिकपेटच्या एका साडीच्या ठोक व्यापाऱ्यासाठी मी रिपोर्ट बनवत होतो. कुठल्याही गटावर क्लिक केलं की त्याच्या पोटातला सगळा माल दिसायला हवा — साडी, त्यात रेशमी, त्यात काठाची... कुठे दोनच पायऱ्या, कुठे सहा. मी मोठ्या शहाणपणाने सहा रकाने आखले. निम्मे रिकामे! आठवडाभर डोकं बडवलं.

आमच्याकडे डेटा भरायला सावित्रीअक्का होत्या. पिढ्यान्‌पिढ्या इथेच, कानडी मुलखात, राहिलेल्या मराठी घरातल्या. एकदा माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "स्वल्प थांब अण्णा. आमच्या घरी लग्नाच्या आमंत्रणाची वही लिहितात, तसं कर की. एकेका माणसापुढे त्याच्या वरच्या सगळ्या वडीलधाऱ्यांची नावं, दर नावाला एक ओळ. मग कुठलेही आजोबा शोध, खालचं सगळं घर सापडतं. आणि प्रत्येकापुढे त्याचं स्वतःचंही नाव लिही हं. नाहीतर घरदार जेवायला येतं नि आजोबांनाच बोलावणं नसतं!"

केवढी साधी गोष्ट! दोनच रकाने — माल, आणि त्याच्या वरचा एकेक गट, दर गटाला एक ओळ; शिवाय प्रत्येकाची एक स्वतःची ओळ. पायऱ्या दोन असोत की वीस, एकही चौकट रिकामी नाही. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला जे सुचलं नाही, ते त्या बाईंना सहज दिसलं होतं. मी थक्क झालो. अजूनही होतो.

मग? साहेबांनी विचारलं, कल्पना कुणाची? मी "माझी" म्हणालो. एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. पुढे अक्कांनी रिपोर्ट आखणाऱ्या टीममध्ये जागा मागितली. साहेबांनी मला बोलावून विचारलं, असलं काम या बाईंनी कधी केलंय का?

मी "नाही" म्हणालो. भीती कसली होती? माझं खोटं उघडं पडेल याची — दुसरी कसली?

अक्का निवृत्त होईपर्यंत डेटाच भरत राहिल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "तो साडीचा तक्ता चालतोय ना अण्णा?" चालतोय म्हटल्यावर किती मनापासून खूश झाल्या त्या!

तो अजून चालतोय. नव्यांना मीच शिकवतो. स्वतःच्या ओळीपाशी आलो की आजोबांच्या बोलावण्याचं सांगतो, सगळे हसतात. कुणीतरी विचारतंच — सर, हे तुम्हाला सुचलं कसं?

मी सांगतो, असंच, सुचलं.