दहापैकी नऊ

मुलं शिकायला बाहेर पडली आणि बायकोने शेगावच्या एका मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. आम्ही डोणगावचे, जागा मिळाली तर तिला तिकडेच राहावं लागणार होतं. मुलाखतीआधी स्वभाव तपासणारा कागद आला. ऐंशी वाक्यं, प्रत्येकापुढे 'खरं' किंवा 'खोटं'. घरून भरून न्यायचा होता.

मी आकड्यांचा माणूस. दोनदा वाचल्यावर लक्षात आलं, चौदावं आणि एकसष्टावं वाक्य एकच आहे, फक्त शब्द फिरवलेले. अशा सहा जोड्या सापडल्या. खोटं इथेच पकडत असणार असं धरून मी सगळ्या जुळवून घेतल्या. बाकी ठिकाणी स्थळ पाहायला आलेल्यांपुढे बोलतात तसं केलं. 'मला कधीच राग येत नाही' - खरं. 'मी कोणाच्या माघारी बोललेली नाही' - खरं.

"काऊन खोटं लिहाले लावता?" ती म्हणाली.

"पाहुण्यायपुढे कोणी आपले भांडणं सांगते का?"

मुलाखतीला मीही सोबत गेलो. संचालिकाबाईंनी कागद पुढे सरकवला. "जोड्या छान जुळल्यात. पण यात दहा वाक्यं अशी असतात, की त्यांना 'खरं' म्हणू शकेल असा माणूस सहसा नसतोच. तुमची नऊ आहेत. मग बाकीच्या सत्तरांवर मी विश्वास कसा ठेवू?"

"मॅडम, हे उत्तरं माहे नाहीतच," बायको माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "यायचे आहेत. यायलेच ठेवा अधीक्षिका म्हणून."

बाई हसल्या. तिला त्याच वाक्यांचा कोरा कागद दिला, मला बाहेरच्या बाकावर बसवलं. पाऊण तासाने आत बोलावलं तेव्हा नवाचे दोन झाले होते. पण बाईंचं बोट बावन्नाव्या वाक्यावर होतं : 'माझ्या नोकरीला घरच्यांची मनापासून संमती आहे.' मी 'खरं' केलं होतं, तिने 'खोटं'.

"यातलं बरोबर कोणतं?" त्यांनी मलाच विचारलं.

माझं बरोबर म्हटलं तर बायको खोटी पडत होती. तिचं म्हटलं तर जागा जाण्याची भीती होती. ती माझ्याकडे न पाहता पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"तिचं," मी म्हणालो. "मला एकट्याला जड जाईल. पण अडवणार नाही. पाहिजे तर लिहून देतो."

"तोंडी पुरे," म्हणत बाईंनी रुजू व्हायचा दिवस सांगितला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "जड जाईल म्हणे. मले काऊन नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठं?"

"विचारलं होतं. दोनदा."

मी आठवून पाहिलं. दोनदाच विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मी 'तुही मर्जी' म्हटलं होतं.