बेसबॉलचे गाळलेले रकाने

निलंग्याच्या एका टेलरची मुलगी फसवली गेली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज ज्या दिवशी बंद झाले, त्या दिवशी सकाळी आठ वाजता तिच्याकडचे शेवटचे पैसे सट्ट्यात गेले. तिचा अर्ज भरायचा राहिला. मी पोलिसातून मुदतीआधी निवृत्ती घेतली, पण ते प्रकरण मनातून उतरत नाही.

मी तेव्हा लातूरला क्लासेसच्या भागातल्या ठाण्यात होतो. खबर दिली झेरॉक्सवाल्याने. “साहेब, एक सर रोज सकाळी गठ्ठाभर कागद छापून नेतेत. नोट्स म्हणतेत. ह्यात ना सवाल हाय ना जवाब. नुसती गोऱ्यांची नावं.”

कागद अमेरिकेतल्या बेसबॉलचा होता; त्यावर सट्टा लागत होता. स्टेशन डायरीला नोंद केली, पंच साक्षीदार घेतले, छापा टाकला. सरांच्या खोलीत लॅपटॉप आणि पैसे लावणाऱ्या मुलांची यादी मिळाली. यादीत ही मुलगी होती. वडिलांसोबत बोलावली, महिला अंमलदार बसवली.

“क्रिकेट सोडून हे कुठून काढलं गं?”

“क्रिकेट संध्याकाळी असतंय साहेब, तवा अभ्यास असतो. हे सकाळी, क्लासच्या आधी उरकतंय.”

अंमलदार हसली. मला हसू आलं नाही.

“सर म्हणायचे, चेंडू टाकणाऱ्यानं किती सामने जिंकलेत तेवढंच बघा. वेटेज त्यालाच हाय.”

वेटेज. कोणत्या धड्यावर किती मार्क, हे या पोरांना पाठ असतं. नेमके धडे धरले की मार्क येतात, हे त्यांच्या हाडात मुरवलेलं. जुगारही त्यांनी तसाच सोडवला.

तिनेच पेन्सिलने दाखवलं. “पण सामना तर सगळी टीम जिंकती. एकट्यानं किती बाद केले, वाईट चेंडू टाकून किती जणांना फुकट पुढं सोडलं, ते बघाया पाहिजे होतं. ते रकाने कागदावर न्हाईतच.”

लॅपटॉपमध्ये ते रकाने होते. सरांनी रोज ते पुसून कागद छापला होता, आणि पोरांचे पैसेही तेच घेत होते.

“मी फक्त अंदाज शिकवतो,” सर म्हणाले. पुसलेले रकाने समोर ठेवले, तेव्हा वकिलाचा नंबर शोधू लागले. पुढे कोर्टात दंड भरला आणि सुटले. आज दुसऱ्या गल्लीत त्यांचा बोर्ड आहे.

जबाबावर सही करताना वडील म्हणाले, “भूकंपात घर पडलं, तवा मदतीत शिलाई मशीन भेटली. तिच्यावर घर उभं केलं. हिच्या क्लासपायी ती विकली. आता पडायला काय ऱ्हायलंय, साहेब?”

मी जबाब फायलीत लावला. मुलीकडे अजून एक प्रश्न होता.

“साहेब, सगळे रकाने असलेला तो पूर्ण कागद मला भेटंल का?”

मी सर पकडला, आणि तिला वाटलं, चूक फक्त रकान्यांची होती. अगं, सट्ट्याचा भाव लावणारा तोच पूर्ण कागद समोर ठेवून भाव लावतो, म्हणून शेवटी तोच जिंकतो. हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, पण तिची नजर लॅपटॉपवर होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा हरलेला मी कधी नव्हतो.

आता मी क्लासेसच्या दारात हीच गोष्ट छापलेली पत्रकं वाटतो. बहुतेक पालक घडी करून खिशात टाकतात. तुम्ही टाकू नका. आज घरी जा, लेकराच्या वहीचं शेवटचं पान उघडा. तिथे नावांपुढे पैशांचे आकडे दिसले तर कोणता चुकला ते विचारू नका. पैसे कोण घेतो ते विचारा, आणि ते नाव घेऊन ठाण्यात जा.