भावजींची फिल्म आणि काळूरामचं नाव

आमच्या भावजींनी जितके लोक हात धुताना पाहिले, तितके प्रत्यक्ष ब्रह्मदेवानेही पाहिले नसतील. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शहापूर तालुक्यात आरोग्यखात्यात नोकरीला. नव्वदच्या दशकात त्यांनी कुठूनसा एक जुना व्हिडिओ कॅमेरा पैदा केला आणि आरोग्यावर फिल्मा काढायचं वेड घेतलं. पाहुणे म्हणून गेले तरी चहाआधी माठ न्याहाळत. माझ्या लग्नाचं चित्रण वडिलांनी त्यांच्यावर सोपवलं. पुढे हौसेने कॅसेट लावली, तर मंगलाष्टकं नुसतीच ऐकू येत होती आणि पडद्यावर आचाऱ्याची वाढलेली नखं दिसत होती. ताई चिडली, तेव्हा शांतपणे म्हणाले, "अगं, नवरानवरी फोटोत आहेतच की!"

हसण्यावारी नेता येणार नाही अशी एकच फिल्म त्यांनी काढली, ती सर्पदंशावरची. खर्डीच्या पलीकडे एका पाड्यावर बुधीबाई नावाची विधवा राहायची. भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत तिच्या नवऱ्याला बांधावर नाग चावला होता. त्याला भगताकडे नेलं, मंत्र झाले, आणि गाडी मिळेपर्यंत तो गेला. भावजींना हे तिच्याच तोंडून हवं होतं. महिनाभर ते नुसतेच जाऊन तिच्या ओट्यावर बसत. शेवटी तीच म्हणाली, "मी सांगन भाऊ. पन भगताला वंगाळ नको दाखवू. तो बी रडला व्हता."

भावजी त्या रात्री जेवले नाहीत, असं ताई सांगते. फिल्ममध्ये भगताला खलनायक करायचं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सरळ भगताच्याच दारात गेले. म्हातारा कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाला, "नाग चावला तर माझ्याकडं थांबू नका. आदी गाडीत घाला. मंतर काय, मी गाडीत बसून म्हनीन."

वरिष्ठांनी फिल्म पाहिली आणि हा भाग कापायला सांगितला. मंत्राचं नाव सरकारी फिल्ममध्ये कसं चालेल? साहेबांपुढे कधी मान वर न करणारे भावजी म्हणाले, "साहेब, माझं कोण ऐकतं? त्याचं ऐकतात." भाग राहिला. उत्तम आरोग्यशिक्षणपटांसाठी मुंबईत पुरस्कार देत, तिथे फिल्म गेली आणि तिला पुरस्कार मिळाला. समारंभाला भावजी बुधीबाईला आणि भगताला घेऊन गेले. मीही सोबत होतो. टाळ्या संपल्यावर बुधीबाईने मानपत्रावरून बोट फिरवत विचारलं, "यात त्यांचं नाव लिवलंय का?" नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

"नाय गो," भगतच हळूच म्हणाला.

आठवड्याने भावजींनी मानपत्राला चौकट केली, पाट्या रंगवणाऱ्याकडून काचेवर 'काळूराम' असं ठळक लिहून घेतलं आणि चौकट बुधीबाईला नेऊन दिली. त्याच पावसाळ्यात पाड्यावरच्या एका पोरीला साप चावला. भगत तिला जीपमध्ये मांडीवर घेऊन शहापूरला आला, वाटभर मंत्र पुटपुटत. पोरगी वाचली.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी भावजींना पुन्हा पाड्यावर जावंसं वाटलं, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. चौकट कुडाच्या भिंतीवर होती. आतला कागद ओलीने आणि कसरीने खाल्लेला, छापलेलं भावजींचं नाव पार पुसलेलं. काचेवरचा 'काळूराम' मात्र तसाच होता. भावजींनी चष्मा काढला, उपरण्याने काच हलकेच पुसली आणि ते तिथेच उभे राहिले.

"बसा ना भाऊ," बुधीबाई म्हणाली, तरी कितीतरी वेळ बसले नाहीत. त्या पाड्यावरचं त्यांचं ते शेवटचं जाणं.