विहीणबाईंचे पाय

पन्नाशी ओलांडली आणि माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. पाटावर बसणं सुटलं. स्टुलावर बसून देवपूजा करू लागले आणि मनातून देवावरच रुसले. इतकी वर्षं मनोभावे केलं त्याचं हेच का फळ, असं रोज त्याला विचारायची. घरचे म्हणत, वय झालं आता. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं, कारण वय झालं म्हटलं की उठावं लागत नाही. अशात श्रावणात माझ्या विहीणबाई आमच्याकडे जयपूरला आल्या.

मुलाची केंद्र सरकारची नोकरी, सिव्हिल लाइन्सच्या अलीकडे क्वार्टर मिळालेलं. नव्या सुनेची पहिली मंगळागौर, म्हणून तिच्या आईला साताऱ्याहून मुद्दाम बोलावलं होतं. बाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. दोन रात्रींचा प्रवास करून आल्या आणि हातपाय धुऊन थेट वाटण वाटायला मांडी घालून बसल्या. मंगळागौरीला तर त्यांनी कहरच केला. जयपुरातल्या झाडून साऱ्या मराठी बायका जमलेल्या, आणि या पदर खोचून विशीतल्या मुलींशी फुगडी घालताहेत! मुली दमल्या, या दमल्या नाहीत. "आमची आई अजून विहिरीचं पाणी ओढते," सून सगळ्यांना सांगत होती. मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात मुलगा माझ्यापाशी येऊन हसत म्हणाला, "आई, बघ जरा त्यांच्याकडे. तू पण चालत जा ना रोज थोडी."

पोटच्या पोराने असं म्हणावं? मीही हसले, पण आतून नुसती जळत होते. घर माझं, मुलगा माझा, आणि कौतुक मात्र सगळं त्यांच्या पायांचं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. इकडे बुधवार गणपतीचा. विहीणबाईंना गढ गणेशाच्या टेकडीवर जायचं होतं. "लेक परमुलखात दिलीय, इथल्या देवाच्या कानावर घालून जाते," म्हणाल्या. गुरुवारी पहाटेची त्यांची गाडी होती, म्हणजे दर्शन काय ते त्याच दिवशी व्हायला हवं. "तुम्ही नका येऊ हो, उगीच त्रास," असं त्या अगदी मायेने म्हणाल्या, आणि तेच मला लागलं. मी चपला घातल्या.

सायकलरिक्षाने टेकडीच्या पायथ्याच्या ब्रह्मपुरी वस्तीपर्यंत आलो. पुढे चढ. सुरुवातीला त्या दर थोड्या पायऱ्यांनी माझ्यासाठी थांबत होत्या. त्यांचं ते थांबणंही मला सोसेना. "तुम्ही व्हा पुढे, दुपारी दार बंद होतं," मी जरा तोडूनच म्हणाले. त्या गेल्या. त्यांचं निळं लुगडं वळणाआड झालं आणि मी होते तिथेच बसले. वर जाववत नव्हतं, खाली उतरायचं धैर्य नव्हतं. खाली सगळं शहर पसरलेलं, आणि मी मधल्या पायरीवर एकटी रडत बसलेली. मग मी हात जोडले आणि देवाला म्हटलं, मला दर्शन देणार नसशील तर तिलाही देऊ नकोस. तिचेही पाय जड होऊ देत.

असं मागणं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

थोड्या वेळाने वरून एक राजस्थानी म्हातारी उतरत आली. मला पाहून थांबली. "नीली साड़ीवाली माजी आपके ही साथ हैं न? लौट रही हैं," ती म्हणाली. "चौखट तक पहुँच गई थीं. अंदर ही नहीं गईं." तिच्या मागोमाग विहीणबाई आल्याच, धापा टाकत. त्यांना धाप लागलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"दर्शन?" मी कसंबसं विचारलं.

"नाही झालं. उंबऱ्यापाशी गेले आणि पाय एकाएकी शिशासारखे जड झाले बघा. पुढे टाकवेचना. म्हटलं, खाली तुम्हालाच काहीतरी झालं. मागे वळले तर आपसूक चालायला लागले."

माझ्या अंगावर काटा आला. देवाने माझं ऐकलं होतं, शब्दन् शब्द. मी घाईघाईने मनात म्हटलं, देवा, घेतलं परत, तिला होऊ दे, माझं राहू दे. आणि उठले. गुडघा दुखायचा थांबला नव्हता, हे मुद्दाम सांगते. विहीणबाईंनी हात पुढे केला आणि या खेपेला मी तो धरला. एकेक पायरी करत, बसत, उठत वर पोचलो. दार बंद व्हायची वेळ कधीच टळून गेली होती, तरी ते उघडं होतं. का, ते मी कुणाला विचारलं नाही.

आत गणपतीचं बिनसोंडेचं बाळरूप, हत्तीचं तोंड येण्याआधीचं. विहीणबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या आणि मला सगळं ऐकू येत होतं. "पोरीला इथे सासूवाचून कोणी नाही. सासूला धडधाकट ठेव."

मला रडू आलं, आणि हेवाही वाटला, की इतकं चांगलं मागणंही यांनाच सुचावं.

त्यानंतर मी चालू लागले. आधी अंगणात, मग कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत, आणि आता दर बुधवारी टेकडीवर. कधी शेवटपर्यंत पोचते, कधी नाही. गुडघा जिथे थांबवेल तिथे हात जोडायचे, हट्ट करायचा नाही, एवढं मी त्या दिवशी शिकले. पाय त्याचे, किती चालवायचे ते त्याने ठरवावं. हेवा मात्र अजून पुरता गेलेला नाही, म्हणून मागताना मी सावध असते. आधी विहीणबाईंच्या पायांसाठी मागते आणि मग, वेळ उरला तर, माझ्या.