बुडीतच्या गाण्यातली रिकामी जागा

सेवकराम कापगते मोटारीला कान लावतो तेव्हा दुकानात कोणी बोलत नाही. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "मांगची बेअरिंग गेली. समोरची या उन्हाळ्यात जाईन." आणि ती जाते. दिघोरीपासून लाखांदूरपर्यंतचे धानवाले शेतकरी आपल्या विहिरीवरच्या मोटारी त्याच्याकडेच आणतात, त्याचं कारण हेच. तार तर कोणीही गुंडाळून देते, ऐकणारा एकच.

याच कानाने तो गाणी ऐकतो आणि त्यावर लिहितो. वाइंडिंगच्या टेबलाला लागूनच एक जुना कॉम्प्युटर आहे. पवनीतला एक सायबर कॅफे बंद पडला तेव्हा त्याने तो आणला. वार्निशचे शिंतोडे उडू नयेत म्हणून त्याच्यावर युरियाच्या पोत्याचं प्लास्टिक टाकलेलं असते. ते प्लास्टिक वर केलं की सेवकरामचा ब्लॉग सुरू. नाव 'धुऱ्यावरून'. धुरा म्हणजे वावराचा बांध, हे आमच्याकडच्या लेकराला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी त्याने ते पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे.

ब्लॉगची सुरुवात रागातून झाली. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन दहा वर्षं झाली होती. गोंदिया वेगळा झाला, भंडारा छोटा झाला, आणि गावोगावी पोरं गिटारी घेऊन आपापली गाणी बांधू लागली होती. दंडारीच्या लोकनाट्याला आणि भजनाला वाहवा करणारे बुजुर्ग गावात होते. या पोरांना कोणीच नव्हतं. एका कार्यक्रमात सेवकरामने तीन पोरांचं गाणं ऐकलं, त्याला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी पेपर पाहिला तर दीपप्रज्वलन करणाऱ्यांची अकरा नावं, आणि गाणाऱ्यांचं एकही नाही.

"दिवा लावनाऱ्याचं नाव छापते अन् गानाऱ्याचं नाई. कसे लोकं होत बे हे?" असं म्हणत तो दिवसभर धुमसत राहिला. त्याची बायको शोभा म्हणाली, "एवढंच हाये तं तुमीच लिवा ना. मायं डोस्कं कायले खाता?" तो खरंच लिहायला बसला. तेव्हापासून त्याच्या ब्लॉगवर गाणाऱ्यांची, वाजवणाऱ्यांची नावं सगळ्यात आधी येतात आणि पाहुण्यांची येतच नाहीत.

एक नियम त्याने पहिल्याच दिवशी केला आणि ब्लॉगच्या माथ्यावर लिहून टाकला: बँड त्याच्या स्वतःच्या गावात, गावातल्या लोकांपुढे ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. कारणही त्याच्या धंद्यातलंच. टेबलावर कोणतीही मोटार गोड फिरते. विहिरीत सोडून पाण्याचा भार दिला की ती कशी आहे ते समजते. परगावचे लोक पाहुणे म्हणून टाळ्या देतात. आपलं गाव देत नाही.

त्याचं लिहिणं गोडगोड नसते. तुमसरच्या राइस मिलमध्ये काम करणाऱ्या चार पोरांच्या बँडबद्दल त्याने लिहिलं होतं, 'ड्रमवाला समोर पळते, गाणं मागून चालत येते.' तर तो ड्रमवाला, भूपेंद्र, साठ-सत्तर किलोमीटर गाडी हाणत दुकानात भांडायला आला. सेवकरामने त्याला एक मोटार सुरू करून दाखवली. "आयक. हे ठोका सोडून राहिली का? नाई ना? पाच वर्षापासून आंगावर पानी घेऊन राहिली, पन ठोका सोडत नाई." भूपेंद्र चहा पिऊन परत गेला. पुढच्या वर्षी सेवकरामने लिहिलं, 'आता थोडासाच पळते.' ते वाक्य भूपेंद्रने फ्रेम करून घरात लावलं म्हणतात.

अशी सात वर्षं गेली. वाचणारे चाळीस होते, ते चारशे झाले. त्यातल्या एक होत्या नागपूरच्या स्वातीताई. त्या दरवर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी नव्या बँडचा मोठा कार्यक्रम घेत. चांगला हॉल, चांगला साउंड, मुंबई-पुण्याची ऐकणारी मंडळी. सेवकरामने या सात वर्षांत दुसरं काही मागितलं नाही. आपल्याकडचा एक बँड त्या स्टेजवर चढला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि तो ते कोणालाही सांगत असे. मोटार घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा.

२०१६च्या श्रावणात तो सिरसघाटला एक पंप दुरुस्त करायला गेला. जुना सिरसघाट गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेला, आणि आता आहे तो पुनर्वसनाचा नवा. सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, नंबर घातलेली घरं. तिथल्या समाजमंदिरात तिघं जण वाजवत बसले होते. सूरज गिटारवर गात होता. रुचिका पवनीला नर्सिंग शिकत होती, ती पेटी वाजवत होती. आणि अश्विन एका लाकडी खोक्यावर बसून हातांनी ठेका देत होता. खोकं त्यांच्या जुन्या घराच्या दाराच्या फळ्यांचं होतं. बँडचं नाव 'बुडीत'.

सेवकराम पंप विसरला. तीन गाणी ऐकली, घरी आला, हात न धुता प्लास्टिक वर केलं आणि लिहून काढलं. इतकं चांगलं त्याने कोणाबद्दलच लिहिलं नव्हतं. दोषही एक दाखवला, कारण त्याशिवाय त्याला करमत नाही: 'शेवटच्या गाण्यात दर ओळीनंतर जागा रिकामी सुटते. पोरांनी तिथं काहीतरी वाजवून ती भरावी.'

नियम मोडला होता. गावापुढे बँड ऐकलाच नव्हता. पण ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

दसरा झाला आणि स्वातीताईंचा फोन आला.

"सेवकरामजी, तुमचा बुडीत आम्हाला हवाय. सहा नोव्हेंबर, रविवार. जमेल ना त्यांना?"

"जमेल म्हणजे काय, ताई. जमलंच समजा."

"एकदा त्यांना विचारून घ्या."

"माह्या शब्दाबाहेर नाई ते. तुमी छापा."

त्याने तारीख पाहिली नव्हती असं नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. एक दिवस पाळणे, जिलेबी, दिवसाढवळ्या दंडार, आणि घरोघरी पाहुणे. ज्या गावाच्या शिवारात सिरसघाटची ही वसाहत बसवली, त्या गावाची मंडई शनिवारी होती. आता हेही त्याच गावातले झाले, म्हणजे यांची मंडईही तीच, असं त्याने धरलं. शनिवारी मंडई, रविवारी नागपूर. हिशेब बरोबर होता, फक्त सिरसघाटच्या कोणाला विचारून केलेला नव्हता.

आठ दिवसांनी, पोस्टरचा फोटो हातात आल्यावर, त्याने सूरजला फोन लावला. पलीकडून नुसतं "बरं भाऊ" आलं.

"काहून रे, खुशी नाई झाली का?"

"खुशी झाली ना भाऊ. पन त्या दिवशी आमची मंडई हाये."

"मंडई तं शनिवारी हाये."

"ते त्यायची. आमची जुन्या गावची, भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी. गाव उठलं, दिवस नाई उठला."

सेवकराम फोन ठेवून बराच वेळ तारेचं बंडल उलगडत आणि परत गुंडाळत बसला. शोभाने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"मंग आता?" ती म्हणाली.

"जाऊन समजावतो. पोरं मायं आयकतात."

"आयकतात म्हनूनच तं सांगून राह्यली, सांभाळून बोला. मोटार नाई ते, बटन दाबलं का फिरली."

दुसऱ्या दिवशी तो सिरसघाटला गेला. समाजमंदिराच्या ओट्यावर तिघं बसले होते आणि वासुदेवराव भुरे होते. मंडईचा कारभार गेली तीस वर्षं यांच्याकडे, जुन्या गावातही आणि नव्यातही. सेवकरामने नागपूरच्या स्टेजचं महत्त्व सांगितलं. साउंड सांगितला. कोण कोण ऐकायला येते ते सांगितलं. वासुदेवराव सुपारी कातरत ऐकत राहिले.

"मंडई एक दिस मांगं-पुढं नाई होत का, मामाजी?" त्याने शेवटी विचारलं.

"होते ना. कोन नाई म्हनते?" वासुदेवराव म्हणाले. "पन कोनाकोनाले सांगशीन? धरनाचे पैसे घेऊन कोनी भंडाऱ्याले गेला, कोनी उमरेडले, कोनी पार छत्तीसगडात. आमच्या पोरी बारा गावाले देल्या. त्यायले चिठ्ठी नाई जात गा. पाचवा दिस आला का ते आपल्या मनानं येतेत. एक दिस हुकला तं येऊन पाह्यतीन, अन् इथं पाळना नाई न् काई नाई."

सेवकरामने सूरजकडे पाहिलं.

सूरज मान खाली घालून म्हणाला, "तुमी म्हनाल तं जाऊ, भाऊ. तुमी लिवलं म्हनून तं आमाले कोनी वळखलं."

सेवकरामला हेच ऐकायचं होतं. एक हो म्हणायचा अवकाश होता. सात वर्षांचं मागणं पुरं झालं असतं, स्वातीताईला दिलेला शब्द राहिला असता. तेवढ्यात रुचिका म्हणाली,

"भाऊ, एक विचारू का? राग नोका धरजा."

"विचार."

"तुमच्या ब्लॉगवर वरतीच लिवलं हाये, गावापुढं आयकल्याशिवाय लिवत नाई म्हनून. आमाले गावापुढं कवा आयकलं तुमी?"

अश्विनने तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. सेवकरामने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"नाई आयकलं," तो म्हणाला.

मग तो ओट्यावरून उतरला आणि तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असा, फोन लावला. "स्वातीताई, चूक माही हाये. पोरायले न विचारता शब्द देला. ते येत नाई." पलीकडून त्या शांतपणे बोलल्या, पण लागेल असंच बोलल्या. पोस्टर नागपूरभर लागले होते. तुमसरच्या बँडला पाठवतो, असं त्याने सुचवलं. पाठवा, त्या म्हणाल्या, पण पुढच्या वेळी तुमच्याकडून नाव घेताना विचार करावा लागेल.

"करा ताई," सेवकराम म्हणाला. "मीबी करीन."

रविवारी भूपेंद्रचा बँड नागपूरला गेला, आणि सेवकराम शोभाला गाडीवर मागे बसवून सिरसघाटच्या मंडईला. एकसारखे प्लॉट त्या दिवशी ओळखू येत नव्हते. नंबरच्या घरांपुढे बैलगाड्या, टेम्पो, मोटारसायकली. लुगड्यातल्या बाया एकमेकींना आवाज देत होत्या. शोभाने आल्याआल्या जिलेबीचं दुकान गाठलं. दंडार झाली आणि दुपारी तीनच्या उन्हात ताडपत्रीखाली बुडीत बसला. साउंड यथातथाच. सेवकरामने मोबाइल सुरू करून खांबाला बांधला.

पहिली दोन गाणी लोकांनी बोलत-बोलत ऐकली. तिसरं ते शेवटचं, रिकाम्या जागांचं. सूरजने पहिली ओळ म्हटली, तीत जुन्या गावातल्या एका मोहल्ल्याचं नाव होतं: ढिवरपुरा. ओळ संपली आणि तिघांनी हात उचलले. त्या रिकाम्या जागेत ताडपत्रीच्या डाव्या अंगाने पंचवीस-तीस लोक एकदम ओरडले, "हाये."

पुढची ओळ, बोडीवरचे, म्हणजे तळ्याकाठचे. मागून, पाळण्याजवळून, "हाये." मग पिंपळाखालचे, मग घाटलाइन. शाळेतल्या हजेरीसारखं. घाटलाइनच्या एका म्हातारीला जरा उशीर झाला, लोक हसले, सूरजने ती ओळ परत घेतली, आणि ती एकटीच एवढ्या जोरात "हाये" म्हणाली की माइक वाजला. अश्विनचा हात मात्र कुठे चुकला नाही. आवाज थांबला की नेमका त्याच ठिकाणी खोक्यावर पडत होता.

सेवकराम उभा राहून ऐकत होता. गाणं झाल्यावर तो तिघांजवळ गेला.

"हे रिकामी जागा लोकायची होती तं मले सांगतलं काहून नाई? मी लिवलं, भरा म्हनून."

"आता मोठ्या मानसाले कोन सांगन," सूरज म्हणाला.

"रुचिका दोन दिस हासत होती," अश्विन म्हणाला.

"एकच दिस," रुचिका म्हणाली.

शोभाने जिलेबीचा पुडा पुढे केला. "घ्या. ह्यायचं पह्यलेपासून असंच हाये. भरलेलं दिसलं पायजे."

सोमवारी सेवकरामने जुनं लिखाण तसंच ठेवलं, एक अक्षर खोडलं नाही. त्याच्यावर नवं लिहिलं: 'खाली जे लिहिलं आहे ते टेबलावर फिरवून लिहिलं होतं. ती जागा रिकामी नव्हती. त्या दिवशी गाव तिथं नव्हतं. चूक माझी.' आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग जोडलं, वाऱ्यासकट आणि पाळण्याच्या करकरीसकट.

तीन आठवडे नागपूरहून काही नाही. मग एका दुपारी, एक मोटार उघडून पडलेली असताना, फोन आला. स्वातीताई म्हणाल्या, रेकॉर्डिंग ऐकलं, तीनदा ऐकलं. पोस्टरचा राग अजून गेला नाही, हेही म्हणाल्या. मग विचारलं, "पुढच्या वर्षी त्यांची मंडई कधी आहे?"

"भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी."

"मग आम्ही त्याच्या पुढचा रविवार धरतो. त्यांना विचारून सांगा."

"इचारतो," सेवकराम म्हणाला. "पह्यले इचारतो, मंग सांगतो."

"आणि एक. तुमचा तो तुमसरचा ड्रमवाला..."

"समोर पळते."

"हो."

"मले मालूम हाये," सेवकराम म्हणाला, आणि फोन ठेवून स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. समोर लक्ष्मणराव नावाचा शेतकरी केव्हाचा आपल्या मोटारीचा निकाल ऐकायला उभा होता. सेवकरामने मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि दोन मिनिटांनी डोकं हलवलं.

"इथं नाई सांगत," तो म्हणाला. "चाल, तुया विहिरीवर येतो."